मोटार टॉकीजचे उरलेले खांब

सोलापुरातल्या मोटार टॉकीजविषयी अलीकडे लोक हळवे होऊन बोलू लागले आहेत. परवा एका गृहस्थांनी स्थानिक वर्तमानपत्रात दोन स्तंभ भरून आठवण लिहिली. चांदण्यातला पांढराशुभ्र पडदा, उघड्या माळावरचा गार वारा, आणि 'आपल्या गावाचे हरवलेले वैभव'. मी संपादकांना त्याच दिवशी पत्र पाठवले. ते छापून आले नाही. येणार नव्हतेच, कारण पत्र लांब होते आणि त्यात एकही गोड वाक्य नव्हते. म्हणून जे सांगायचे ते इथे सांगतो. ते वैभव नव्हते. ज्या गावात मोटारी बोटांवर मोजता येत, त्या गावात मोटारीत बसून सिनेमा पाहण्याची सोय काढणे हा मूर्खपणा होता, आणि तो मूर्खपणा बंद पडल्यावर त्याच्या अवशेषांवरून जे घडले तो अन्याय होता. मूर्खपणाची मी एक वेळ क्षमा करीन.

मी दिवाणी न्यायालयाच्या कार्यालयात आयुष्य काढले. वकील म्हणून नव्हे, न्यायाधीश म्हणून तर नव्हेच. समन्स बजावणाऱ्या बेलिफांचा वरिष्ठ, म्हणजे नाझर, म्हणून निवृत्त झालो. लोक अजून मला नाझरसाहेब म्हणतात, आणि त्यांतले निम्मे ते कुत्सितपणे म्हणतात याची मला जाणीव आहे. कायदा मी शिकलो नाही. तो माझ्या टेबलावरून रोज जात असे, आणि मी तो वाचत असे. निवृत्त झाल्यावर अक्कलकोट रस्त्याला, शहर संपून माळ सुरू होतो तिथे, एक प्लॉट घेतला. तो चिंचोळा आणि लांबोडका होता, आणि मोटार टॉकीजच्या भिंतीच्या पाठीशी होता, म्हणून मला परवडला.

ते थिएटर एका तेलगिरणीच्या मालकाने बांधले होते. त्यांना सगळे शेठ म्हणत. मीही तेच म्हणतो. कुठल्याशा परदेशी मासिकात चित्र पाहिले आणि हुक्की आली, याखेरीज त्या उद्योगाला कारण नव्हते. मैदानाच्या एका टोकाला दगडविटांची दुमजली उंचीची भिंत, पुढच्या अंगाने चुन्याने रंगवलेली, तीच पडदा. तिच्यासमोर मातीचे कमानदार उंचवटे एकामागे एक, मोटारीचे तोंड जरा वर उचलले जावे म्हणून. प्रत्येक उंचवट्यावर लोखंडी खांबांची रांग आणि खांबाला आकडा. आकड्याला आवाजाची पेटी टांगलेली. ती मोटारीच्या खिडकीत अडकवून बसायचे, अशी योजना. प्रत्यक्षात तिथे एक डॉक्टर, एक-दोन वकील आणि गिरण्यांचे काही अधिकारी सोडले तर बैलगाड्या येत. बैल सोडून गाडी उंचवट्याला टेकवली की सबंध कुटुंब तिच्यात कडबा पसरून पडून राही. गाडीवाल्यांकडून कोणत्या दराने तिकीट घ्यावे याचा निर्णय शेठला शेवटपर्यंत करता आला नाही. मला भिंतीची पाठ दिसे आणि सगळ्या पेट्यांतून एकदम ओरडणारे संवाद ऐकू येत. त्याविरुद्ध मी लिहिलेली पत्रे हा वेगळा विषय आहे.

पेट्या चोरीला गेल्या, तारा गंजल्या, आणि बहात्तरच्या दुष्काळाच्या थोडे आधी थिएटर बंद पडले. भिंत राहिली, उंचवटे राहिले, खांब राहिले. तिकिटाच्या खोलीचे दार कोणीतरी नेले. त्या वेळी मी मनापासून आनंदलो होतो.

आता त्या मैदानाचा खरा उपयोग कोण करत होते ते सांगतो, कारण वर्तमानपत्रातल्या गृहस्थांना ते दिसलेले नाही. मैदानाच्या पूर्वेला विणकरांची वस्ती होती. घरात तेलुगू बोलणारी माणसे. मराठी त्यांची बाजारातली भाषा. त्यांतल्या एका घराची कर्ती एक म्हातारी विधवा होती. तिला सगळी वस्ती अव्वा म्हणे. दोन मुलगे, दोन सुना आणि चार हातमाग. हातमागाचे एक काम घरात होत नाही. मागावर चढवायचे उभे सूत, म्हणजे ताणा, आधी लांबच्या लांब ताणून त्याला खळ लावावी लागते. दोन टोकांना दोर बांधून ताणा जमिनीपासून कमरेइतका उंच धरायचा, दोन्ही बाजूंनी माणसांनी खळीचे कुंचे ओढत चालायचे, आणि कोवळ्या उन्हात तो हळूहळू वाळू द्यायचा. ऊन कडक झाले की सूत ठिसूळ होते, म्हणून हे काम सकाळचे. त्याला लांब, मोकळी आणि रहदारी नसलेली जागा लागते. गल्लीत पूर्वी होत असे. मग गल्ली डांबरी झाली, आणि एका मालट्रकने ताण्यातून आरपार जाऊन तो प्रश्न मिटवला.

या मैदानावर अव्वाचे घर तिच्या सासऱ्याच्या काळापासून ताणे लावत आले होते. तेव्हा तिथे थिएटर नव्हते, बाभळीच्या मेखा होत्या. शेठने मेखा उपटून खांब रोवले, तर यांनी दोर खांबांना बांधले. सिनेमा अंधार पडल्यावर आणि ताणा सकाळी. दोघांचा एकमेकांना उपसर्ग नव्हता. ज्या विणकराला अशी जागा नसे, त्याला कारखानदाराकडून खळ लावलेला तयार बीम, म्हणजे रुळावर गुंडाळलेला ताणा, घ्यावा लागे. बीम त्याचा म्हणजे कापड त्याचे, आणि विणणारा त्याचा मजूर. वस्तीतली किती तरी घरे तशी झाली होती. अव्वाचे घर अजून आपल्या मागावर आपला ताणा चढवत होते. तिला जे राखायचे होते ते एवढेच.

दुष्काळात त्या मैदानावर जनावरांची छावणी पडली. सांगोल्याकडची माणसे हाडे दिसू लागलेले बैल घेऊन आली आणि त्यांनी ते टॉकीजच्या खांबांना बांधले. पहिल्याच सकाळी अव्वा आणि एक बैलवाला यांची जुंपली. मी माझ्या गच्चीवरून ऐकत होतो.

"म्हातारे, तुजा दोरा माज्या बैलाच्या पायात यील."

"तुझा बैल माझ्या दोऱ्यात येतोय. मी हितं लई आधीपासनं हाय."

"दोरा तुटला तर जोडता येतो. बैल मेला तर?"

"दोरा जोडाया तू बसनार हायस का? न्हाय न्हवं? मग बांध की पलीकडच्या रांगेला. तितं सावली बी हाय."

"तितं सावली हाय, तर तूच का जाईनास?"

"मला ऊन पायजे. तुझ्या बैलाला सावली पायजे. दोगांचं भलं सांगतेय, तर भांडतोय माणूस."

बैलवाल्याने तोंडातल्या तोंडात काही म्हटले आणि बैल हलवले. पुढे छावणी असेपर्यंत मागच्या रांगा जनावरांच्या आणि पुढच्या अव्वाच्या, अशी वाटणी चालली. मला समाधान झाले ते वेगळ्या कारणाने. कायदेशीर भाषेत सांगायचे तर, दुष्काळातही वहिवाटीत खंड पडला नव्हता.

वहिवाटीचा कायदा गुंतागुंतीचा नाही. दुसऱ्याच्या जमिनीचा एखादा विशिष्ट उपयोग तुम्ही वीस वर्षे उघडपणे, शांततेने, अखंड आणि हक्काने करत आलात, तर तो तुमचा हक्क होतो, आणि मालक तो काढून घेऊ शकत नाही. ही वीस वर्षे दाव्याच्या लगतची हवीत. आणि सर्वांत महत्त्वाचे, उपयोग परवानगीने झालेला नसावा. जो मालकाच्या मर्जीने वापरतो त्याला मर्जी फिरली की उठावे लागते. जो न विचारता वापरतो त्याचा हक्क पिकतो. कायदा इथे उद्धट माणसाच्या बाजूने आहे, असे माझे एक वरिष्ठ म्हणत. मला त्यात कधी वावगे वाटले नव्हते.

छावणी उठल्यावर काही काळाने शेठने मैदान एका लाकडाच्या व्यापाऱ्याला वखारीसाठी द्यायचे ठरवले आणि सभोवार काटेरी तार ओढायला सुरुवात केली. अव्वाचा थोरला मुलगा माझ्याकडे आला. मी त्याच संध्याकाळी शेठकडे गेलो. ते गिरणीच्या ओट्यावर बसले होते. मला बसा म्हणाले नाहीत.

"ती तार काढा," मी म्हणालो.

"नाझरसाहेब, जागा माझी, तार माझी. तुमच्या पोटात का दुखावं?"

"त्या जागेवर विणकरांची वहिवाट आहे."

"वहिवाट? अहो, म्हातारी गरीब आहे, म्हणून मी कधी हटकलं नाही. ह्याला वहिवाट म्हणतात?"

"बरोबर ह्यालाच म्हणतात."

"म्हणजे माणसानं चांगलं वागायची सोय नाही."

"कायद्याला तुमच्या चांगुलपणाशी कर्तव्य नाही. तुम्ही वीस वर्षांत अडवले नाही, एवढे त्याला पुरते."

शेठ हसले. "तुम्ही निवृत्त झालात हे कोणीतरी तुम्हाला कळवायला हवं," म्हणाले, आणि ओट्यावरचे लोकही हसले. मी घरी येऊन नोटिशीचा मसुदा केला. दुसऱ्या दिवशी ती रजिस्टर पोस्टाने गेली. तिचे उत्तर आले नाही, दुसरीचेही आले नाही, आणि मग दावा दाखल झाला. एक तरुण वकील सही करायला मिळाला. बाकी सगळे लिखाण माझे होते. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "नोकरीत असताना कागद घरी आणत होतात. आता घरच तिकडे नेलंत." पहिल्याच तारखेला, अंतिम निकाल लागेपर्यंत एका बाजूची तार उघडी ठेवावी, असा अंतरिम हुकूम झाला. त्या दिवशी मी पेढे वाटले नाहीत, पण वाटावे असे मनात आले होते.

हुकूम असेपर्यंत ताणे लागत राहिले. पुढे साक्षीची तारीख पडली. आदल्या दिवशी मी अव्वाला समोर बसवून समजावले.

"तुम्ही कधी परवानगी मागितली होती का, असे विचारतील. काय सांगाल?"

"परवानगी कशाला मागायची? रोजचं काम हाय की."

"शाबास. अगदी हेच सांगा."

ती खरे बोलत होती. मीही खरेच बोलायला सांगत होतो. या प्रकरणात कोणीही खोटे बोलले नाही, आणि हेच त्यातले सर्वांत संतापजनक आहे.

साक्षीच्या दिवशी अव्वा नवे लुगडे नेसून आली. आमच्या वकिलाचे प्रश्न नीट पार पडले. सासऱ्याच्या काळापासून, दररोज, सकाळी, सर्वांच्या देखत, सगळे यथास्थित. मग शेठचे वकील उभे राहिले. वयस्क, पोट सुटलेला, अत्यंत गोड बोलणारा माणूस. त्याने हक्काचे नावही काढले नाही.

"आजी, दसऱ्याला शेठच्या घरी जाता का हो?"

"जातो की आमी. न्हाय जाऊन कसं चालंल?"

"हात हलवत जाता?"

"हात हलवत कुटं जात्यात का? नारळ असतो. आन् नव्या ताण्याचा पैला पंचा."

"तो कशाबद्दल?"

"जागेचा मान. ज्याच्या हिरीचं पानी घेतलं त्याला एक, देवाला एक, आन् ज्याच्या जागेत ताना लावला त्याला एक. आमच्यात तसंच हाय."

"शेठच्या आधी जागा दुसऱ्याची होती. त्यांनाही देत होता?"

"त्यांना बी दिला. त्यांच्या बापाला बी आमच्या सासऱ्यानं दिला."

"आणि शेठनी खांब रोवले तेव्हा?"

"तवा गेलते की. म्हनलं, शेठ, मैदान तुमचं, सकाळ आमची. ऱ्हाऊ द्या म्हनले. लई चांगलं बोलले त्या दिवशी."

आमचा वकील माझ्याकडे पाहू लागला. मी समोर पाहत होतो.

"समजा, एखाद्या दसऱ्याला मान नेला नाही तर?"

"न्हाय न्हेला तर त्यांच्या जागेत पाय ठेवायचा कुटल्या तोंडानं?"

"त्यांच्या जागेत. म्हणजे शेठच्या?"

"मग काय माझ्या बापाच्या? कागद त्यांचाच हाय की."

न्यायालयात हशा पिकला. अव्वाही जरा हसली. आपण चांगले उत्तर दिले असे तिला वाटले होते. मग त्या वकिलाने कारकुनाकडून एक बोचके घेतले आणि टेबलावर सोडले. पंचे होते. साल दरसालचे, एकावर एक रचलेले, तळाचे पिवळे पडलेले. हेच ते का, असे त्याने विचारले. अव्वा पिंजऱ्यातून वाकून त्यांच्याकडे पाहत राहिली. काठ ओळखून तिने मान हलवली. मग तिने साक्षीदाराने करू नये ते केले. ती न्यायाधीशांकडे किंवा वकिलाकडे न पाहता बाकावर बसलेल्या शेठकडे वळली.

"शेठ, एकाची बी घडी मोडली न्हाय की ओ तुमी."

शेठ खाली पाहू लागले. त्यांनी ते पुरावा म्हणून जपले होते, असा आरोप मी त्यांच्यावर करणार नाही. ज्याला पुराव्याची किंमत कळते असा तो माणूस नव्हता. त्यांना ते जाडेभरडे वाटत असत, कपाटात पडून राहत असत, आणि वकिलाने विचारले तेव्हा सापडले. एवढेच. पण एवढेच माझ्या मते फार झाले.

दावा फेटाळला गेला. निकालपत्र बिनचूक होते आणि त्यामुळे ते मला जास्त झोंबले. उपयोग जुना आहे, अखंड आहे, उघड आहे. परंतु तो मालकी मान्य करून, मालकाला विचारून आणि त्याची दरवर्षी जाणीव ठेवून झालेला आहे, म्हणून तो हक्काने झाला असे म्हणता येत नाही. मी स्वतः लिहिले असते तर याहून वेगळे लिहू शकलो नसतो. सारांश असा, की त्या घराने पिढ्यानपिढ्या उद्धटपणा केला असता तर मैदान त्यांच्या उपयोगाचे राहिले असते. ती माणसे रीत पाळत राहिली आणि हरली.

न्यायालयाच्या पायऱ्यांवर मी अव्वाला बोललो. जे बोललो ते सौम्य नव्हते.

"तुम्ही नारळ नेलेत आणि दावा घालवलात."

"दावा तुमचा व्हता, नाझरसाहेब," ती म्हणाली. "मान माझा व्हता." आणि थोरल्याचा हात धरून पायऱ्या उतरू लागली. खाली पोचल्यावर ती त्याला तेलुगूत काही सांगत होती. त्यातला पंचा हा शब्द तेवढा मला कळला.

मैदानाची वखार झाली. खांब जमिनीलगत कापून भंगारात गेले. उंचवट्यांवर सागवानाचे ओंडके रचले, आणि पडद्याच्या भिंतीला फळ्या उभ्या करून टेकवल्या. आज कोणाला ते हरवलेले वैभव पाहायचे असेल त्याने तिथे जावे. रखवालदार हुसकून लावतो. कापलेल्या खांबांचे बुडखे अजून मातीतून बोटभर वर आहेत. माझ्या पायाला त्यांतल्या एकाने ठेच लागली, त्याबद्दल मी वखारवाल्याला पत्र लिहिले आहे.

अव्वाच्या घरात एक माग बंद झाला, मग दुसरा. धाकटा मुलगा बीम आणायच्या गोष्टी बोलू लागल्याचे आमच्या मंडळींकडून कळले. मंडळींना ते सुनांकडून कळले होते.

मी भंगारवाल्याकडे गेलो आणि त्या खांबांतले दोन विकत घेतले. माझा प्लॉट चिंचोळा आहे असे वर म्हटले आहे. घराच्या बाजूने मागच्या गल्लीपर्यंत एक लांब पट्टी मोकळी होती. तिथे मी मोसंबी लावणार होतो. त्या पट्टीच्या दोन टोकांना गवंड्याकडून ते खांब सिमेंटमध्ये रोवून घेतले, आणि गल्लीकडचे फाटक काढून ठेवले. खांब कपडे वाळत घालण्याच्या तारेसाठी आहेत, अशी माझी भूमिका आहे, आणि तार खरोखर ओढलेली आहे, भिंतीलगत, उंचावर. फाटकाच्या बिजागऱ्या गंजल्या होत्या. याउपर मी कोणाला काही सांगितले नाही.

चार दिवसांनी अव्वाचा थोरला फाटकाच्या जागी येऊन उभा राहिला.

"नाझरसाहेब, हितं अर्धा ताना बसंल. लावू का?"

"मला विचारू नका."

"म्हंजे नको?"

"मी नको म्हटलेले नाही."

"मग लावू?"

"मी लावा असेही म्हटलेले नाही. विचारू नका, एवढेच म्हटले आहे. कळत नसेल तर न कळता जा."

मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरले. जाताना तो गल्लीत कोणाला तरी म्हणाला, "म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. कोर्टात हरल्यापासनं असंच हाय." दुसऱ्या सकाळी मी उठलो तेव्हा पट्टीत ताणा लागलेला होता.

तेव्हापासून तो लागतो. अर्धाच बसतो, म्हणून काम दुप्पट होते. पण दोन माग चालतात आणि त्यांवर बीम आलेला नाही. मी त्यांना अडवत नाही आणि होही म्हणत नाही. खळ पायरीवर सांडली तर ओरडतो; ओरडणे म्हणजे अडथळा नव्हे, हे तपासून घेतले आहे. माझा मुलगा पुण्याला असतो. त्याला हा प्लॉट पुढेमागे विकायचा आहे, आणि या लोकांना आताच हटकावे असे त्याने दोनदा लिहिले. मी त्याला कळवले की माझ्या हयातीत जागेचा मालक मी आहे, आणि त्याच्या हटकण्याला कायद्यात काडीची किंमत नाही. तो हुशार आहे. मी काय करतो आहे हे त्याला समजले असावे, कारण त्यानंतर त्याचे पत्र आले नाही.

पहिला दसरा आला. मला त्याची धास्ती होतीच. सकाळी अव्वा पुढच्या दारात उभी, हातात नारळ आणि त्यावर पंचा, पांढरा, बारीक लाल काठाचा.

"हे घेऊन जा," मी म्हणालो.

"जागेचा मान हाय, नाझरसाहेब."

"मला मान नको."

"सगळ्यांनी घेतला आजवर. शेठनं बी घेतला."

"म्हणूनच नको."

मग आवाज खाली करून म्हणाली, "आमच्या हातचं चालत न्हाय व्हय तुमाला?"

त्यावर सांगण्यासारखे माझ्याजवळ पुष्कळ होते. पण मी तिला कारण सांगितले असते तर तो आम्हा दोघांमधला समजुतीचा करार झाला असता, आणि समजुतीने झालेला उपयोग हक्काने झालेला राहत नाही. मी दार लावून घेतले.

घरात आमची मंडळी उभी होती. "वयानं मोठ्या बाईच्या तोंडावर, सणाच्या दिवशी, दार लावलंत?"

"लावले."

"कारण?"

"कारण सांगता येत नाही."

"बरं. पुढचं दार तुमचं आहे," त्या म्हणाल्या. "मागचं अजून माझं आहे." आणि त्या आत गेल्या. मागच्या दाराची कडी वाजली. बायकांचे बोलणे बराच वेळ चालले होते. मी ते ऐकले नाही, आणि कोणी विचारले तर ऐकले नाही असेच सांगीन.

त्यानंतर काही दिवसांनी न्हाणीघरातल्या खुंटीवर एक नवा पंचा दिसला. तो कुठून आला हे मी विचारले नाही. इथे नमूद करतो की प्लॉट एकट्या माझ्या नावावर आहे, त्यात माझ्या पत्नीचे नाव नाही, आणि तिने परस्पर स्वीकारलेली कोणतीही वस्तू माझ्यावर बंधनकारक नाही. त्या दिवशी मी अंघोळ केली आणि त्या पंच्याने अंग पुसले. नवे सूत होते, पाणी धड टिपत नव्हते. मंडळींनी तो पिळून बाहेरच्या तारेवर वाळत घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथेच होता. खाली ताणा लागला होता, थोरला आणि त्याची बायको कुंचे ओढत होती, आणि अव्वा टोकाच्या खांबाशी दोर आवळत होती. तिने वर पाहिले. मी ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. मी वर पाहिले नाही.

"घडी मोडलीय बघ," ती मुलाला म्हणाली.

"कुनी, नाझरसाहेबांनी? मग त्या दिवशी दार का लावलं?"

"ते त्यांचं त्यांना म्हाईत. तू कुंचा वड."

"खळ पायरीवर सांडते आहे," मी म्हणालो. "कितीदा सांगायचे?"

"सांडंना का," अव्वा म्हणाली. "धुवून घिऊ की." आणि दोर आणखी एक वेढा देऊन पक्का केला.

त्याला किती वर्षे झाली आणि किती उरली हे मी लिहीत नाही. ज्याला मोजायची आहेत त्याने मोजावीत. दर दसऱ्याला ती पुढच्या दारी येते, मी नाही म्हणतो, आणि ती मागच्या दारी जाते. वर्तमानपत्रातल्या गृहस्थांना मोटार टॉकीजचे अवशेष पाहायचे असतील तर उभे असलेले दोनच खांब या गावात उरले आहेत, आणि ते माझ्या आवारात आहेत. पाहायला येण्यास मी त्यांना परवानगी देत नाही. त्या पट्टीत कोणालाच मी कधी परवानगी दिलेली नाही, आणि हे छापून यावे अशी माझी इच्छा आहे.